दोन थरांची भिंत

२०१५ साली आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात, जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, एका बंद पेटीत बुडबुडे फुगवले जात होते. बुडबुड्याचा व्यास दीड सेंटीमीटरच्या आसपास. त्यात काही विशेष नाही. विशेष होतं ते त्याच्या भिंतीत. ती रेणूंच्या जेमतेम दोन-चार थरांची होती. एक थर सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे दोन थरांची भिंत ६ नॅनोमीटरची. हे प्रमाण कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. ही भिंत १ मिलिमीटर जाड केली आणि बाकी सगळं त्याच पटीत वाढवलं, तर बुडबुड्याचा व्यास अडीच किलोमीटर होईल. वजनाचा हिशेब त्याहून विलक्षण. अख्ख्या भिंतीचं वजन ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं आणि तिच्या आत कोंडलेल्या हवेचं २ मिलिग्रॅम. आतली हवा भिंतीपेक्षा पाचशे पट जड! आणि तरीही ती भिंत टिकते. तिच्यावर प्रवाह वाहतात, बेटं तरंगतात, एकमेकांत मिसळतात.

हा साबणाचा बुडबुडा नव्हे. साबणाच्या पाण्याची भिंत पाहता पाहता विरळ होत जाते, कारण पाणी खाली ओघळतं आणि हवेत उडूनही जातं. स्थानकातला बुडबुडा द्रवस्फटिकाचा होता.

द्रवस्फटिकांची ओळख आपल्याला झाली ती १८८८ साली, प्रागमध्ये. फ्रीडरिश राइनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तापवत होता. १४५.५ अंश सेल्सियसला तो वितळला, पण वितळून झाला गढूळ. तापमान वाढवत नेल्यावर १७८.५ अंशांना गढूळपणा एकदम नाहीसा झाला आणि नितळ द्रव उरला. शुद्ध पदार्थाला वितळण्याचं तापमान एकच असतं, हे रसायनशास्त्रातलं पहिल्या इयत्तेतलं ज्ञान. इथे दोन निघाली. राइनिट्झरने नमुने ओटो लेहमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाकडे पाठवले. लेहमानच्या सूक्ष्मदर्शकाला नमुना तापवण्याची सोय होती आणि ध्रुवित प्रकाशाचीही. त्याला दिसलं की हा गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाला वागवतो स्फटिकासारखा. पुढच्याच वर्षी त्याने ‘वाहते स्फटिक’ अशा शीर्षकाचा निबंध छापला. अनेक रसायनतज्ज्ञांना हे पटलं नाही. दोन पदार्थांची भेसळ असणार, असं ते कित्येक वर्षं म्हणत राहिले. मला त्यांचा राग येत नाही. स्फटिक वाहतो हे सहज मान्य करण्याजोगं नव्हतंच.

गुंता सुटतो तो रेणूंचा आकार लक्षात घेतल्यावर. हे रेणू लांबट असतात. स्फटिकात प्रत्येक रेणूची जागा ठरलेली असते आणि तोंड कुठल्या दिशेला हेही ठरलेलं असतं. साध्या द्रवात दोन्ही सुटतं. द्रवस्फटिकात एक सुटतं आणि दुसरं थोडंफार शिल्लक राहतं. झोर्झ फ्रीडेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२२ साली या मधल्या अवस्थांची वर्गवारी केली आणि तीच नावं आजही चालतात. नेमॅटिक अवस्थेत रेणू कुठेही फिरतात, फक्त तोंड एका दिशेला ठेवतात. आपले एलसीडी पडदे चालतात ते याच अवस्थेवर. स्मेक्टिक अवस्था याच्या एक पाऊल पुढची. तिच्यात रेणू एका दिशेला उभे राहतात आणि शिवाय थरांमध्ये वाटले जातात. थराच्या आत मात्र ते मोकळे. एका थरात आडवं बघाल तर शुद्ध द्रव, थरांना छेदून उभं बघाल तर स्फटिकाची शिस्त. एकाच पदार्थात दोन दिशांना दोन स्वभाव.

या विषयात भारताचं नाव फार वरचं आहे आणि त्याची एक वाट नागपुरातून जाते. नागपूर विद्यापीठातून एम.एस्सी. झालेले आणि सर सी. व्ही. रामन यांचे भाचे असलेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९७७ साली बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत तबकडीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. तोवर जवळपास नव्वद वर्षं, रेणू काडीसारखे लांबट असले तरच हे घडतं असा समज होता. याच तबकड्यांचे पातळ थर पुढे पडद्यांवर बसवले गेले, तिरकं पाहिलं तरी चित्र नीट दिसावं म्हणून. चंद्रशेखर यांचं द्रवस्फटिकांवरचं पुस्तकही १९७७ मध्येच आलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते वापरलं.

आता स्मेक्टिककडे परत. त्याचा थेंबभर ऐवज एका पट्टीच्या कडेला लावला आणि ती पट्टी छिद्रावरून हळूच ओढली, की छिद्रावर पापुद्रा ताणला जातो. १९७० च्या दशकात हार्वर्डमध्ये अशा पापुद्र्यांवर काम करणाऱ्यांत नोएल क्लार्क हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ होता. पुढे तो बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात गेला आणि अवकाशातल्या त्या बुडबुड्यांचा प्रमुख संशोधकही तोच. या पापुद्र्याचे दोन गुण मला थक्क करतात. पहिला म्हणजे तो जवळजवळ उडून जात नाही. हे रेणू हवेत सहज सुटत नाहीत, त्यामुळे पापुद्रा तासन् तास, नीट जपला तर त्याहूनही कितीतरी जास्त टिकतो. दुसरा गुण अधिक अजब. त्याची जाडी वाटेल ती असू शकत नाही. दोन थर, तीन थर, चार थर. अडीच थर कधीच नाहीत. आणि हे थर मोजता येतात ते नुसत्या उजेडाने. इतक्या पातळ पापुद्र्यावरून परत येणारा प्रकाश थरांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दोन थरांवरून ४ भाग, तिनावरून ९, चारांवरून १६. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून पापुद्र्याचा अमुक भाग किती उजळ आहे हे पाहिलं, की तिथे रेणूंचे किती थर आहेत ते सांगता येतं. रेणूंची मोजदाद, तीही प्रकाशाच्या एका झोताने!

पापुद्र्यावर कुठे कुठे जास्त थरांचे गोल तुकडे असतात. चार थरांच्या विस्तारात दहा थरांचा एखादा गोल, असं. यांना म्हणायचं बेट. बेटाच्या काठावर थरांची संख्या एकदम बदलते आणि त्या पायरीला ऊर्जा मोजावी लागते. म्हणून काठ शक्य तितका आखूड राहू पाहतो आणि बेट गोल होतं. दोन बेटं एकमेकांना भिडली की काठ फुटतो, क्षणभर लांबट आकार दिसतो आणि मग एक मोठं गोल बेट उरतं. अवकाशातल्या प्रकल्पाचं नाव इथूनच आलं. ‘स्मेक्टिक बेटांचं अवकाशातलं निरीक्षण आणि विश्लेषण’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्याला ‘ओॲसिस’ म्हटलं गेलं.

पण बेटं पाहायला अवकाशात कशाला जायचं? याचं उत्तर द्यायचं तर १८५१ सालात जायला हवं. त्या साली जॉर्ज स्टोक्सने दाट द्रवातून संथपणे सरकणाऱ्या गोळ्याला किती विरोध होतो याचं सूत्र काढलं. ते आजही पाठ्यपुस्तकात आहे. त्याच वेळी त्याच्या हे ध्यानात आलं, की दोन मितींत हे गणित सुटतच नाही. अमर्याद पसरलेल्या, जाडी नसलेल्या द्रवात एक चकती सरकते आहे अशी कल्पना केली, तर तिच्यामुळे उठलेली हालचाल दूर जाऊन विरते असं उत्तर मिळत नाही. तीन मितींत धक्क्याला पसरायला वर-खाली जागा असते, दोन मितींत नसते. त्यामुळे चकतीला स्थिर वेगाने सरकवायला किती जोर लागेल, या सरळ प्रश्नाला समीकरणांकडे उत्तर नाही. या कोड्याला स्टोक्सचा विरोधाभास म्हणतात.

सव्वाशे वर्षांनी, १९७५ साली, फिलिप सॅफमन आणि मॅक्स डेलब्रुक यांना हेच कोडं सजीव पेशीत भेटलं. पेशीभोवतीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचा, आणि त्यात प्रथिनं सरकत असतात. तोही दोन मितींचा द्रवच. त्यांनी दाखवलं, की सुटका बाहेरून होते. पटलाच्या दोन्ही अंगांना असलेलं पाणी त्या हालचालीला लगाम घालतं. त्यातून निघालेलं उत्तर मजेशीर आहे. सरकणारा कण दहापट रुंद झाला तरी त्याची हालचाल दहापट मंदावत नाही, किंचितच मंदावते. जिवंत पेशीत हे तपासणं कठीण, कारण पटलात शेकडो प्रकारची गर्दी असते आणि जाडीही सगळीकडे सारखी नसते. स्मेक्टिक पापुद्र्यात मात्र जाडी थरांनी मोजलेली, गर्दी नाही, आणि भोवती पाण्याऐवजी हवा. बोल्डरच्या गटाने २०१० मध्ये अशा पापुद्र्यांवरच्या बेटांची थरथर मोजली. लहान बेटं भोवती हवा नसल्यासारखी वागली, तर मोठ्या बेटांना हवेचा विरोध चांगलाच जाणवला. दोन मितींचं जग कुठे संपतं आणि तीन मितींचं कुठे सुरू होतं, ती सीमा त्या मोजमापात दिसली. बेटाच्या आकाराच्या भाषेत ती काही मायक्रोमीटरपासून काही दशक मायक्रोमीटरपर्यंत, पापुद्रा किती थरांचा आहे त्यावर अवलंबून.

सपाट पापुद्र्याला एक खोट आहे. त्याला चौकट लागते आणि चौकटीपाशी जाड ऐवज साठलेला असतो. तो ऐवज पापुद्र्याला माल पुरवतो, त्याच्याकडून माल ओढतो, प्रवाहांना अडवतो. काठ नकोत तर बुडबुडा हवा. गोलाला काठ नसतात. फुगवणाऱ्या नळीचं छोटं तोंड तेवढं असतं. पण जमिनीवर बुडबुडा फुगवला की बेटं आपल्या वजनाने घसरत तळाशी जाऊन बसतात. वरचा भाग रिकामा, खाली दाटी. शिवाय बुडबुड्याची एक बाजू तापवून काय होतं ते पाहू म्हणाल, तर तापलेली हवा वर उठते, वारा सुटतो, आणि चार मायक्रोग्रॅमच्या त्या भिंतीला दोन मिलिग्रॅमची हवा फरपटत नेते. पापुद्र्याने स्वतः काय केलं आणि वाऱ्याने काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

गुरुत्वाला हुलकावणी देण्याची धडपड जुनी आहे. बेल्जियमच्या जोसेफ प्लाटोने एकोणिसाव्या शतकात तेलाचा गोळा पाणी आणि अल्कोहोलच्या मिश्रणात लोंबकळत ठेवला. दोन्हींची घनता जुळवली की तेल ना तरंगतं ना बुडतं; पृष्ठताण त्याला देईल तोच आकार ते घेतं. ऐन उमेदीत प्लाटोची दृष्टी गेली. पातळ पापुद्र्यांवरचे त्याचे कितीतरी प्रयोग इतरांच्या डोळ्यांनी पाहिले गेले आणि त्याच्या डोक्यात उलगडले. त्या माणसापुढे मी नेहमीच नतमस्तक होतो. पण त्याची युक्ती इथे उपयोगाची नाही. पापुद्र्याभोवती दाट द्रव आला की त्याचाच लगाम लागतो आणि दोन मितींचा खेळ तिथेच थांबतो. भोवती हवाच हवी आणि वजन मात्र नको. हे फक्त पडत राहिल्याने साधतं.

अवकाश स्थानकाच्या उंचीवर गुरुत्व नाहीसं झालेलं नसतं. जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के ओढ तिथेही असते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने आडवं धावतं आणि त्याच वेळी पृथ्वीकडे पडत असतं. पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून तितकीच वाकत जाते. स्थानक, पेटी, हवा, बुडबुडा आणि बुडबुड्यावरची बेटं, सगळीच एकत्र पडत असल्यामुळे बेटाला बुडबुड्याच्या कुठल्याच बाजूला जाण्याचं कारण उरत नाही. तळ नावाची जागाच नसते.

पेटीला हातमोजे बसवलेले असतात, म्हणजे आतला द्रव बाहेर न सांडता अंतराळवीराला काम करता येतं. आत बुडबुडा फुगवण्याची नळी, त्याच्यावर हवेचे बारीक झोत सोडणाऱ्या सुया, छपाईयंत्रातल्याप्रमाणे अतिसूक्ष्म थेंब टाकणारी यंत्रणा, तापमान बदलण्याची सोय आणि कॅमेरे. हवेच्या झोताने पापुद्रा घुसळला की बेटांचा अख्खा समूह तयार होतो, आणि मग तो समूह न्याहाळत बसायचं. जमिनीवर जी बेटं तळाशी गोळा झाली असती ती इथे सगळ्या गोलावर विखुरलेली राहिली. त्यांची वाढ, मिसळणं, एकमेकांशी वागणं दीर्घकाळ पाहता आलं. थेंब टाकून पाहिले, बाजू तापवून पाहिल्या; उष्णतेने होणारं स्थलांतर इथे वाऱ्याच्या गोंगाटाशिवाय उमटलं. या नोंदी इतक्या प्रचंड आहेत, की चलतचित्रांतली बेटं आणि थेंब ओळखायला पुढे संगणकाला शिकवावं लागलं.

गोलाची एक गंमत इथे सांगायलाच हवी. काही स्मेक्टिकांत रेणू थरात सरळ उभे नसून एका बाजूला कललेले असतात. सपाट पापुद्र्यावर सगळे एकाच दिशेला कलू शकतात. बुडबुड्यावर ते अशक्य आहे. डोक्यावरचे केस कसेही विंचरले तरी भोवरा राहतोच, तसं पूर्ण गोलावर कललेल्या रेणूंना कुठे ना कुठे भोवरे पत्करावेच लागतात. हा गणिताचा हुकूम आहे; रसायन कोणतं, तापमान किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ब्राउवर या डच गणितज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केलेलं प्रमेय द्रवाच्या भिंतीवर डोळ्यांनी पाहता येतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

स्थानकावर पोचण्याआधी याच प्रयोगांची लहान भावंडं उडाली होती. जर्मनीतल्या माग्डेबुर्ग विद्यापीठातले राल्फ श्टानारियुस आणि त्यांचे सहकारी ओॲसिसचे भागीदार. त्यांनी आधी विमान वापरलं. कमानीसारख्या मार्गाने वर जाऊन खाली येणाऱ्या विमानात सुमारे वीस-बावीस सेकंद वजनरहित मिळतात. तेवढ्यात त्यांनी कुठेही न टेकलेले, हवेत सुटे तरंगणारे स्मेक्टिक बुडबुडे पाहिले. असा बुडबुडा जन्मतो तेव्हा वेडावाकडा असतो आणि गोल होताना त्याचं क्षेत्रफळ घटतं. साबणाची भिंत अशा वेळी नुसती जाड होते. स्मेक्टिक भिंतीला ती मुभा नाही, कारण अर्धा थर वाढवता येत नाही. उरलेल्या मालाचे नवे पूर्ण थर रचावे लागतात, म्हणजे बेटं उभारावी लागतात.

मग स्वीडनमधल्या किरुनाजवळून सोडलेलं रॉकेट. ते कक्षेत जात नाही, उंच जाऊन परत पडतं, पण सहा मिनिटांच्या आसपास वजनरहित अवस्था देतं. यात सपाट पापुद्र्याचा एक काठ उष्ण आणि दुसरा थंड ठेवला होता. बहुतेक द्रवांचा पृष्ठताण तापल्यावर कमी होतो. त्यामुळे थंड बाजू जास्त जोराने ओढते आणि माल उष्ण बाजूकडून थंड बाजूकडे वाहतो. कार्लो मारांगोनी या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव या परिणामाला आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांत नेमकं हेच दिसलं. पापुद्र्यातला ऐवज थंड काठाशी जाऊन साठत होता, आणि त्यासाठी तापमानात किमान अमुक फरक हवा अशी अटही जवळजवळ नव्हती. पण काही निवडक द्रवस्फटिकांचा पृष्ठताण उलट वागतो, तापवलं की वाढतो. असा पदार्थ पापुद्र्यासाठी घेतला, तेव्हा प्रवाहाने दिशा बदलली. त्या पापुद्र्यातला ऐवज थंड काठ सोडून उष्ण काठाकडे वाहत गेला, आणि संशोधकांनी मांडलेल्या गणिताने दोन्ही दिशांचा हिशेब बरोबर लागला.